शिंगं रंगवून आलेला रोग

सन १९८३, फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा. साल मला पक्कं आठवतं, कारण माझी थोरली लेक त्याच महिन्यात चालायला शिकली, आणि शिकली ती बदामीच्या शेपटीला धरून. बदामी आमची गाय. अर्धी गावरान, अर्धी जर्शी, रंगानं बदामाच्या सालीसारखी. ती आम्ही विकत घेतली नव्हती. माझ्या सासूबाई केशरबाई, त्यांना मी आत्या म्हणायची, त्यांनी आमची गावरान गाय चार कोस चालवत कळंबच्या जनावरांच्या दवाखान्यात नेऊन जर्शी वळूचं बीज टोचून आणली होती. त्या गाईच्या पोटची ही कालवड. मागच्या उन्हाळ्यात चारा नव्हता, त्यात ती आई गाय गेली. बदामी तेवढी राहिली. ती पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच गाभण होती, आणि आठवा महिना सरत आला होता.

आमचं घर बौद्धवाड्यात, कळंबच्या वाटेवर अगदी शेवटचं. माझे यजमान सोलापूरला गिरणीत बदली कामगार. घरात आत्या, मी आणि लेक. गावात दोन वर्षांपूर्वी दूध डेअरी निघाली, तेव्हा आमच्या वस्तीतून सभासद झालेल्या आत्या पहिल्या. पहिला महिनाभर आमचं दीड शेर दूध वेगळ्या बरणीत घेत होते. मग कळंबहून टँकर घेऊन येणारा माणूसच एकदा वैतागून म्हणाला, "अहो, टँकरात समदं एकच होतंय की! दोन बरण्या कशाला धुवायला लावता?" तेव्हापासून एक बरणी झाली. पण आई गाय गेल्यापासून आमची किटली रिकामी होती, आणि बदामी व्याली तरच ती पुन्हा डेअरीच्या पायरीवर दिसणार होती. आत्यांचा सगळा जीव त्या एका वेतावर टांगलेला.

आता खुरकुतीबद्दल सांगायला हवं. हा जनावरांचा रोग. ताप येतो, तोंडात फोड येतात, तोंडातून लाळेची दोरी लोंबते, खुरांच्या बेचक्या सडतात. मोठं जनावर सहसा मरत नाही, पण वासरं मरतात आणि गाभण जनावर गाभडतं, म्हणजे अर्ध्यातच गर्भ टाकतं. आमच्याकडे या रोगावर एक रीत होती. गावात पहिलं जनावर लाळ गाळायला लागलं की वाट पाहायची नाही. त्या आजारी जनावराच्या तोंडात फडकं बुडवायचं आणि ते गावातल्या प्रत्येक जनावराच्या तोंडात चोळायचं. सगळी एकदम आजारी पडतात, पंधरा दिवसांत एकदम उठतात. याला म्हणायचं उरकून घेणं. उरकलेल्या जनावराला रोग परत लागत नाही, असा सगळ्यांचा विश्वास. बाजारात उरकलेल्या बैलाला भाव जास्त. एकोणऐंशी साली नदीकाठच्या लिंबाखाली गावाची सगळी जनावरं अशीच उरकली होती. मी लग्न होऊन आले तोच आठवडा होता तो. नवी नवरी म्हणून कामाला कुणी लावेना, म्हणून मी आमच्या दारात बसून समोरच्या त्या लिंबाखालचं सगळं दिवसभर बघत होते.

तर त्र्याऐंशीच्या त्या आठवड्यात गावातले बलभीमदादा साखर कारखान्यावरून महिनाभर आधीच परत आले. ऊस वाहायला बैलगाडी घेऊन गेलेला माणूस हंगाम टाकून येत नाही. त्यांच्या पाखऱ्या बैलाच्या तोंडातून लाळ गळत होती.

"वाढं खाऊन तोंड सोललंय," बलभीमदादा सांगत होते. उसाच्या शेंड्याची पानं करवतीसारखी असतात, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. पाखऱ्या तर उरकलेला बैल.

चौथ्या दिवशी आण्णासाहेबांच्या जर्शी गाईनं खाणं सोडलं. आण्णासाहेब म्हणजे डेअरीचे चेअरमन, गावातले मोठे बागायतदार. त्यांच्या गाईला, आणि डेअरीच्या आणखी सतरा जर्शी गाईंना, जानेवारीत खुरकुतीची लस टोचली होती. तिला उसाचं वाढंही मिळालेलं नव्हतं. मग आण्णासाहेबांनी डेअरीच्या पायरीवर उभं राहून सांगितलं, की ही लसच विषारी आहे.

लस टोचणारे महालिंगप्पा उमरग्याकडचे. दवाखान्यातले साधे कर्मचारी, पण गाव त्यांना डॉक्टरच म्हणायचं. मराठी बोलता बोलता मध्येच कानडी हेल लागायचा. त्या दुपारी ते जनावरं बघायला सायकलवर आले आणि त्यांना वेशीतूनच परत हाकललं. कुणीतरी चाकातली हवा सोडली. सायकल हातात धरून ते आमच्या दारावरून निघाले, तेव्हा आत्यांनी हाक मारली.

"डाक्टर, पाणी तरी पिऊन जावा. आमच्यातलं चालतंय न्हवं?"

"पाणी द्या री, केशरबाई. आज शिव्यासुद्धा गिळल्यात, पाण्याला काय झालंय?"

ते बाहेरच्या दगडावर बसले. आत यायला तयार होईनात. आधी आमच्याकडून धुण्याचा सोडा मागून घेतला, पाण्यात कालवून चपलांवर, हातांवर आणि सायकलच्या चाकांवर ओतला. मग म्हणाले, "ही खुरकूतच आहे. मी शंभर वेळा बघितली आहे."

मी दाराआडून म्हणाले, "पण डॉक्टर, पाखऱ्या उरकलेला आहे. आण्णासाहेबांच्या गाईला लस टोचलेली. दोघांनाही कसं झालं?"

"तेच तर कुणी ऐकून घेत नाही." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "जनावराच्या अंगाला आठवण असते, बाई. एकदा रोग येऊन गेला की अंग त्याला ओळखून ठेवतं. परत आला की दारातच धरतं. लस म्हणजे रोग येण्याआधीच करून दिलेली ओळख. पण हा रोग एकच नाही. त्याचे वाण आहेत. फोड तेच, लाळ तीच, आपल्याला फरक कळत नाही. अंग मात्र त्याचं वरचं कवच बघून ओळखतं, आणि ते कवच वेगळं असलं की अंगाला तो नवाच पाहुणा. जितकी जास्त जनावरं पडतील, तितकी त्याला कवच बदलायला सवड. एकोणऐंशीला एक वाण आला होता. मला वाटतंय, हा दुसरा आहे. आमच्या लशीत तो नसणार."

आत्या ऐकत होत्या आणि एकाएकी हसायला लागल्या. तोंडाला पदर लावून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"शिंगं रंगवून आलाय म्हणा की!"

"काय?"

"अवो, बहात्तरच्या दुष्काळात छावणी व्हती न्हवं जनावरांची. कुणाचं जनावर कोणतं ते कळावं म्हणून शिंगांला रंग दिलेला. आमाला लाल. छावणीतला कारकून रंग बघून चाऱ्याची पेंढी द्यायचा. त्याला बैलाचं तोंड कुठं ठाऊक? त्यो नुसता शिंगं बघायचा. आमच्या एका बैलाला एका पेंढीत काय व्हतंय? मग म्या पोळ्याचा राहिलेला हिरवा रंग घेतला. लाल पुसला, हिरवा फासला, अन् त्योच बैल मागच्या रांगंतून पुन्हा नेला. दोन पेंढ्या!"

महालिंगप्पांनी कपाळावर हात मारून घेतला. मग म्हणाले, "केशरबाई, आमच्या साहेबांना दोन तास लागले होते हे समजावायला."

"मग कारकुनाला नवा रंग दावायला पायजे."

"हो. पण कोणता रंग आहे ते आधी कळलं पाहिजे. त्यासाठी ताज्या फोडाची कातडी पुण्याच्या प्रयोगशाळेत जायला हवी." त्यांनी पिशवीतून बुचाची एक छोटी बाटली काढली. आत पाण्यासारखं औषध होतं. "मला तर आता कुणी गोठ्यात येऊ देणार नाही. ही तुमच्याकडे ठेवा. मिळालीच कातडी तर यात टाकून माझ्याकडे कळंबला आणा. आणि गाय घरात घ्या. दारात सोड्याच्या पाण्याचं टिपाड ठेवा. जो आत येईल त्यानं आधी पाय बुडवायचे. रोग पायावरून, कपड्यावरून, हातावरून येतो."

आत्यांनी त्याच संध्याकाळी बदामीला माणसांच्या खोलीत बांधलं. चूल बाहेर आली, आमची अंथरुणं ओट्यावर आली. दारात अर्धं कापलेलं पत्र्याचं टिपाड, त्यात सोड्याचं पाणी, पुढे भिजलेलं पोतं. आत्या स्वतः वैरण आणायला गेल्या तरी परत येताना पाय बुडवायच्या, हात कोपरापर्यंत धुवायच्या. माझ्या लेकीला तो खेळच वाटायचा, दहादा आत-बाहेर करायची आणि दहादा पाय बुडवायची.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या दुधाला डेअरीसमोर सगळं गाव जमलं. आण्णासाहेब बोलत होते.

"ही खुरकूत न्हाय. आमची जनावरं एकोणऐंशीलाच उरकल्यात. एकदा उरकलं की जन्माचं उरकलं. ह्यो लशीचा परताप हाय. सरकारला अर्ज करू."

मी आत्यांच्या मागे उभी होते. बोलायचं ठरवून गेले नव्हते. पण तो लिंबाखालचा दिवस माझ्या डोळ्यांसमोर होता, एकेक जनावर, एकेक दावं. मी पदर सावरला आणि बोलले.

"एकोणऐंशीला लिंबाखाली पहिला तुमचा पांढरा बैल होता, आण्णासाहेब. डाव्या शिंगाचा टवका उडालेला. फडकं तुमच्याच हातात होतं. दुसरी तुमची काळी म्हैस. तिनं तुम्हाला चिखलात पाडलं होतं." मागे कुणीतरी खसखसलं. "तिसरा बलभीमदादांचा पाखऱ्या. आज पाखऱ्या पडून आहे. तुमचा पांढरा कालपासून पाय झाडतोय. म्हशीच्या तोंडाला लाळ आहे. ही तिन्ही जनावरं उरकलेली. आणि या तिघांपैकी एकालाही लस टोचलेली नाही. लस फक्त जर्शी गाईंना टोचली. मग लशीनं कसं झालं?"

बलभीमदादांनी मान खाली घातली. एक म्हातारा म्हणाला, "पोरगी खोटं न्हाय बोलत. पडला व्हता की आण्णा चिखलात."

आण्णासाहेब हसले. "केशरे, तुझी सून शाळंतली हजेरी पाठ केल्यावानी बोलती. बरं, खुरकूत म्हण. मग तर सोपंच हाय. मंगळवारी समदी जनावरं लिंबाखाली. एकदाच उरकून टाकू. एक बी जनावर मागं राहता कामा नये, न्हाय तर महिनाभर एकेक पडत राहील अन् डेअरी बंद पडंल."

"गाभण बी?" आत्यांनी विचारलं.

"गाभण बी."

"मग माझी येणार न्हाय."

"तू काय डाक्टरीण झालीस का?"

"न्हाय. पण बहात्तरला छावणीच्या कारकुनाशेजारी खुर्ची टाकून तुमीच बसायचा, आण्णासाहेब. माझा एकच बैल लाल शिंगानं यायचा अन् हिरव्या शिंगानं यायचा. तुमच्या नाकाखालून दोन पेंढ्या न्यायची म्या, महिनाभर."

आता मात्र सगळेच हसले. बाया तर तोंडात पदर कोंबून हसत होत्या. आत्या हसल्या नाहीत.

"ह्यो रोग तसाच हाय. तुमी एकोणऐंशीला त्याचा लाल रंग अंगाला दावला. अंगानं लाल ध्यानात ठेवला. आता त्यो हिरवा होऊन आलाय. तुमी परवा त्येला गावच्या हरेक जनावरात घालणार. डाक्टर सांगत्यात, जितकी जनावरं पडतील तितकी त्येला रंग बदलायला सवड. म्हंजी तुमी त्येला रंगाचं दुकानच काढून देताय. फुडच्या डावाला पिवळा होऊन ईल, मग काय करताल?"

आण्णासाहेबांचा चेहरा उतरला नव्हता, चढला होता. "मंगळवारी तुझी गाय आली न्हाय तर आमीच येऊ. अन् तरी बी अडवलंस तर ती व्याल्यावर तुझं दूध ह्या डेअरीत घेणार न्हाय. माझा शब्द हाय."

वाटेनं घरी येताना मी म्हणाले, "आत्या, खरंच आले तर?"

"येऊ दे. दार आपलं हाय."

मंगळवारी सकाळी लिंबाखाली धूळ उडायला लागली. जनावरांचे आवाज येत होते. दहाच्या सुमाराला सात-आठ माणसं आमच्या वाटेला लागली. पुढे आण्णासाहेब, त्यांच्या मागे बलभीमदादा. दादांच्या हातात पितळी तांब्या, तांब्यात ओलं फडकं. पाखऱ्याच्या लाळेचं.

आत्या दारात बसल्या होत्या. मांडीवर काही नाही, हातात काही नाही. मी आत बदामीच्या मानेला धरून उभी. लेकीला शेजारी ठेवलं होतं.

"सर बाजूला," आण्णासाहेब म्हणाले.

"या की. पण पाय बुडवा आधी टिपाडात. चपला काढून."

"काय म्हणालीस?"

"पाय धुतल्याबिगर उंबऱ्याच्या आत न्हाय. कुणाला बी न्हाय. माझी नात धुती, म्या धुती."

"तुझ्या दारात आमी पाय धुवायचे? तुझ्या?"

मला आत उभं राहूनही आत्यांचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. त्या ओरडल्या नाहीत.

"तीस वरीस म्या तुमच्या दाराच्या भायेर उभी राहिले, आण्णासाहेब. माझ्या पायाला काय लागलं व्हतं तवा? काय बी न्हाय. धूळ, तुमच्याच रानातली. तरी उभी राहिले. तुमच्या पायाला आज खरंच रोग लागलाय, लिंबाखालचा. डोळ्याला दिसत न्हाय पर हाय. म्या तुमची जात न्हाय बघत. पाय बघती."

मग आण्णासाहेब मागे न बघता म्हणाले, "बलभीम, जा आत."

बलभीमदादा पुढे आले. टिपाडाजवळ थांबले. मला दाराच्या फटीतून त्यांचा चेहरा दिसत होता. चार दिवस दाढी नव्हती केलेली.

"आण्णा," ते म्हणाले, "पाखऱ्याचं खूर निखळलं आज सकाळी. आख्खं, बुटासारखं हातात आलं. एकोणऐंशीला म्याच त्येचं तोंड धरलं व्हतं, तुमी फडकं फिरवलं व्हतं. तवा तुमी म्हणला, बलभीम, आता जन्माची काळजी मिटली. म्या त्याच भरवशावर त्येला कारखान्यावर नेला."

"मग?"

"मग काय न्हाय." त्यांनी तांब्या उपडा केला. फडकं सोड्याच्या पाण्यात पडलं. ते तिथंच उभे राहिले, दोन्ही हात पाण्यात घालून, फडक्यासकट.

आण्णासाहेब वळले आणि निघून गेले. बाकीची माणसंही गेली. जाताना एकजण आत्यांना काहीतरी घाण बोलला, ते मी इथं लिहीत नाही. आत्या दारातच बसून राहिल्या.

बलभीमदादा हात निथळत मला म्हणाले, "वयनी, डाक्टरनं फोडाच्या कातडीसाठी बाटली ठिवलीया म्हणं तुमच्यापाशी? माझा दुसरा बैल आज पहाटं तापलाय. जिभेवर फोड ताजा हाय."

मी त्यांच्या गोठ्यात गेले. दादांनी बैलाची जीभ बाहेर ओढून धरली. फोड फुटलेला, वरची कातडी भिजलेल्या कागदासारखी सुटलेली. मी ती चिमटीत धरून ओढली आणि बाटलीत टाकली. मला घरी परत जाता येणार नव्हतं. माझ्या हाताला, लुगड्याला आता रोग लागला होता. दादांच्या बायकोनं तिचं लुगडं दिलं, मी सोड्यानं हात सोलवटेपर्यंत धुतले आणि तशीच कळंबची वाट धरली. लेक शेजारच्या ओट्यावरून हाका मारत होती. मी लांबूनच हात हलवला.

कळंबला महालिंगप्पांनी थर्मास आणून ठेवला होता, गारेगारवाल्याकडून बर्फ घेतला होता. कागद भरताना ते म्हणाले, "वरून साहेबांमार्फत पाठवलं तर आठ दिवस जातील. मला रजा नाही. तुम्ही जाल का, बाई?"

मी तोवर बार्शीच्या पुढे कधी गेले नव्हते. रात्री त्यांच्या घरी राहिले आणि सकाळच्या एस.टी.नं पुण्याला निघाले. कुर्डुवाडीला थर्मास उघडून पाहिला, बर्फ निम्मा झाला होता. इंदापूरच्या स्टँडवर कोकमाच्या सरबतवाल्याकडून मूठभर बर्फ मागितला. तो म्हणाला, "ताक आहे का आत?" मी म्हणाले, "बैलाची जीभ." त्यानं बर्फ दिला आणि पैसे घेतले नाहीत.

प्रयोगशाळेचं दार बंद व्हायची वेळ झाली होती. चष्मेवाल्या एका गृहस्थांनी बाटली उजेडात धरली, हलवली, मग माझ्याकडे बघितलं.

"कुणी पाठवलं तुम्हाला?"

"सासूबाईंनी."

ते हसले नाहीत. त्यांनी नाव विचारून कागदावर पाठवणाऱ्याच्या रकान्यात डेअरीच्या नावाखाली केशरबाईंचं नाव माझ्यासमोर लिहिलं.

इकडे गावात मंगळवारी जे व्हायचं ते झालंच होतं. लिंबाखाली शंभराच्या वर जनावरं चोळली गेली होती. पंधरा दिवस गावात हंबरणंसुद्धा ऐकू येईना, जनावरांची तोंडं इतकी आली होती. नऊ वासरं गेली. डेअरीच्या अठरापैकी पाच गाई गाभडल्या. डेअरीत दूध इतकं कमी यायला लागलं, की टँकर एक दिवसाआड यायला लागला.

एका दुपारी आण्णासाहेबांच्या पत्नी लक्ष्मीबाई आमच्या दारात आल्या. त्या याआधी कधीच आमच्या वस्तीत आल्या नव्हत्या. न सांगता त्यांनी पाय टिपाडात बुडवले.

"केशरबाई, सोडा किती अन् पाणी किती? माझी एक गाभण कालवड राहिली हाय. धान्याच्या बळदामागं लपवली मंगळवारी. दारात टिपाड ठिवलंय, पर पाण्याचा अदमास लागंना."

"बादलीला तीन मुठी. अन् मालकांचं काय?"

"त्येंलाच आत येऊ देत न्हाय की! सांगितलंय, कालवडीपाशी पाय टाकला तर चूल बंद."

दोघी दारात उभ्या राहून हसल्या.

मार्चच्या शेवटी पुण्याहून पत्र आलं, एक प्रत कळंबच्या दवाखान्याला, एक डेअरीला. महालिंगप्पांनी ते आमच्या ओट्यावर वाचून दाखवलं. एकोणऐंशीचा वाण होता 'ओ'. जानेवारीच्या लशीत 'ओ' आणि 'ए' होते. ही खुरकूत 'एशिया-एक' वाणाची होती. त्या वाणाची लस आली आणि आजूबाजूच्या अकरा गावांत टोचली गेली, रोग तिथं पोचायच्या आत. बदामीलाही टोचली.

एप्रिलच्या नऊ तारखेला बदामी व्याली. कालवड झाली. आत्यांनी तिचं अंग पुसलं आणि त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदाच रडल्या.

चीक संपल्यावर सहाव्या दिवशी आत्यांनी किटली घासली आणि आम्ही डेअरीकडे निघालो. पायरीवर आण्णासाहेब उभे होते. बाया रांगेत होत्या, सगळ्यांची भांडी अर्धी. आत्यांनी किटली मापासमोर ठेवली. सव्वातीन शेर दूध होतं.

माप घेणाऱ्यानं आण्णासाहेबांकडे पाहिलं.

"माझा शब्द हाय," आण्णासाहेब म्हणाले.

"व्हय. समद्यांनी ऐकलाय," आत्या म्हणाल्या. "दुधात खोट काय ती सांगा. न्हाय तर घ्या. म्या किटली उचलणार न्हाय. नासलं तर हितंच नासंल, तुमच्या पायरीवर."

रांगेतली बाई मागे सरली, मग दुसरी. आपलं दूध कुणी पुढे करेना. लक्ष्मीबाईंनी तर भांडं खालीच ठेवलं. आण्णासाहेबांच्या सदऱ्याच्या खिशात पुण्याच्या पत्राचा पिवळा लखोटा दिसत होता, घड्या पडून मऊ झालेला. किती वेळा उघडला होता कोण जाणे. त्यांनी तो बोटानं खिशात आत सारला.

"घ्या," ते म्हणाले, मापवाल्याकडे बघून.

आत्यांनी आभार मानले नाहीत. किटली रिकामी करून घेतली आणि म्हणाल्या, "डेअरीच्या दारात बी टिपाड पायजे. रोज चाळीस घरचे पाय हितं येत्यात."

"उद्या ठिवतो."

"आज."

आण्णासाहेब १९९० पर्यंत चेअरमन राहिले. आपलं चुकलं असं ते कुणापाशीच बोलले नाहीत, पण गावात पुन्हा कधी फडकं फिरलं नाही. निवडणूक हरल्यावर ते मळ्यात राहायला गेले आणि सत्त्याण्णवला वारले. डेअरी त्याच्या वर्षभर आधीच बंद पडली होती. लक्ष्मीबाईंच्या लपवलेल्या कालवडीच्या वंशातली एक गाय त्यांच्या नातवाकडे आहे.

बलभीमदादांचा पाखऱ्या पुन्हा गाडीला चालला नाही. त्यांनी तो विकला नाही. कारखान्यावर जाणं सोडलं, टँकर नसेल त्या दिवशी सायकलवर बरण्या बांधून आमच्या गावाचं दूध कळंबला पोचवायचं काम धरलं. दोन हजार अकरा साली गेले.

महालिंगप्पांची बदली भूमला झाली, मग तुळजापूरला. निवृत्त होऊन उमरग्याला घर बांधलं. आत्या गेल्या तेव्हा ते दोन एस.टी. बदलून आले होते, स्वतःला नीट चालता येत नसताना.

आत्या १९८७ला डेअरीच्या संचालक झाल्या, वस्तीतल्या पहिल्याच. दोन हजार चार साली ऐंशीच्या आसपास असताना गेल्या. शेवटच्या वर्षापर्यंत गोठ्यात जात होत्या.

बदामीला शहाऐंशीला खुरकूत झालीच, लशीचा डोस हुकलेल्या वर्षी. ती जगली, पण त्यानंतर प्रत्येक उन्हाळ्यात सावलीत उभी राहून धापा टाकायची. तिनं एकूण सहा वासरं दिली.

माझी लेक लातूरला बँकेत आहे. तिला यातलं काहीच आठवत नाही.

मी डेअरीत जनावरांच्या प्रथमोपचाराचं काम शिकले आणि ती बंद पडेपर्यंत केलं. आता कळंबला राहते, दारात एक गाय आहे. वर्षातून दोनदा सरकारी पोरं लस टोचायला येतात, कानात बिल्ला आहे का बघतात, घाईत असतात. मी त्यांना विचारते, या बाटलीत कोणकोणते वाण आहेत? एखादा म्हणतो, आजी, सगळे आहेत. मी म्हणते, चिठ्ठी वाचून दाखव. वाचून दाखवल्याशिवाय मी गाईला हात लावू देत नाही.